पाय जमिनीला टेकू द्या

"ताई, झोपू द्या की जरा त्यास्नी. कालच तर आणलंय." स्ट्रोकच्या पेशंटच्या कॉटजवळ मी जाऊन उभी राहिले की हे हमखास ऐकायला मिळतं. बोलणारी बायको असते, मुलगा असतो, नाहीतर गावाकडून जीप करून आलेली आणि कॉटच्या पायथ्याशी दाटीवाटीने उभी असलेली भावकी असते. माणसाच्या अंगावरून वारं गेलंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय, आणि ही बाई दुसऱ्याच दिवशी त्याला उठवून बसवायला निघाली आहे. राग येणं साहजिक आहे. आजारी माणसाला पडून राहू द्यावं, त्याला कसलीही तोशीस लागू देऊ नये, ही आपल्याकडची माया आहे, आणि तापात, काविळीत ती उपयोगीही पडते. स्ट्रोकमध्ये मात्र तीच महागात पडते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं मोडलेले, गुडघे बदललेले, दम लागणारे असे सगळ्या प्रकारचे पेशंट बघते, पण जीव सगळ्यात जास्त गुंततो तो स्ट्रोकच्या पेशंटमध्ये. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली असेल, तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आमच्याकडे येणारे कितीतरी जण ती वेळ उलटून गेल्यावर पोचतात. आधी गावातला डॉक्टर, मग तालुका, मग स्कॅनसाठी शहर. तोवर जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग नातेवाईक विचारतात, "आता काय उपाय?" उरलेल्या उपायातला मोठा भाग माझ्या हातात आहे, आणि त्याहून मोठा त्यांच्या स्वतःच्या हातात आहे, हे त्यांना त्या दिवशी पटवणं फार अवघड असतं.

पहिल्यांदा बसवणं म्हणजे नक्की काय, ते एकदा नीट सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही.

समजा, एक काका आहेत, डावी बाजू गेलेली. मी आधी डॉक्टरांना विचारून घेते, बीपी बघते, सलाईनची नळी आणि लघवीची पिशवी अडकणार नाही अशी लावून घेते. मग काकांना सांगते, "काका, आज आपण कॉटच्या कडेला बसायचंय. मी धरलंय. घाई बिलकूल नाही." त्यांचे दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर टेकवायचे. डावा पाय आपोआप घसरत जातो, तो धरून ठेवायचा. एक हात कमरेला, एक खांद्याच्या मागे, आणि कुशीवर वळवायचं. कुशीवर आले की पाय कॉटखाली सोडायचे. पाय खाली जातात तसं धड वर यायला मदत होते, आणि काकांनी उजव्या कोपराने गादी रेटली की ते बसते होतात. हात धरून ओढायचं नाही. बगलेत हात घालून तर मुळीच उचलायचं नाही.

आता ते बसले आहेत, पण मान छातीवर पडली आहे आणि धड डावीकडे कलतंय. रुग्णालयातल्या कॉटा उंच असतात, त्यामुळे पाय अधांतरी लोंबतात. म्हणून मी एक लाकडी स्टूल सोबत आणते आणि तळपाय त्यावर सपाट टेकवते. तळव्याला खालून आधार लागला की धडाचे स्नायू काम करू लागतात. पाय लोंबत असले की माणूस पोत्यासारखा बसतो. डाव्या गुडघ्यावर हाताने हलका दाब देत राहायचं, म्हणजे तो पाय तिथे आहे याची मेंदूला खबर लागते. चेहऱ्यावर घाम आला, रंग उतरला, गरगरतंय असं म्हणाले, तर लगेच झोपवायचं. पहिल्या वेळी दोन-चार मिनिटं खूप झाली. दुपारी परत.

काही पेशंट या वेळी एक विलक्षण गोष्ट करतात. चांगल्या हाताने कॉट रेटून स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलत राहतात. सरळ करायला जावं तर घाबरून ओरडतात, "पडतोय, पडतोय!" घरच्यांना वाटतं, हट्ट करतायत. तो हट्ट नसतो. आपलं शरीर उभं आहे की कललंय हे सांगणारी मेंदूतली जाणीवच बिघडलेली असते, त्यामुळे आपण त्यांना सरळ केलं की त्यांना खरोखरच दुसऱ्या बाजूला पडल्यासारखं वाटतं. डोळे मात्र त्यांना खरं सांगत असतात. म्हणून मी त्यांना समोरच्या खिडकीचा गज दाखवते. "हा गज उभा आहे ना? आता तुमची छाती याच्यासारखी करा." जोर लावून जे होत नाही, ते गजाकडे बघून हळूहळू होतं. असे पेशंट बरे व्हायला जास्त दिवस घेतात, पण यातले बहुतेक जण पुढे सरळ बसायला शिकतात, हे त्यांच्या घरच्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

मग लवकर म्हणजे किती लवकर, आणि किती वेळ? यावर माझ्या क्षेत्रात बरीच वर्षं वाद होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यासाठी एक फार मोठा अभ्यास झाला. मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट या फिजिओथेरपिस्ट संशोधकाच्या नेतृत्वाखाली 5 देशांतल्या 56 केंद्रांमध्ये 2,104 पेशंटना दोन गटांत विभागलं. एका गटाला 24 तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवायचं. दुसऱ्या गटाला त्या त्या रुग्णालयाच्या नेहमीच्या पद्धतीने. 2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर बऱ्यापैकी उभे असलेले लोक जास्त उठवलेल्या गटात 46 टक्के होते आणि नेहमीच्या गटात 50 टक्के. म्हणजे पहिल्याच दिवशी भरपूर मेहनत करून घेणं फायद्याचं नव्हतं, उलट किंचित तोट्याचं होतं.

यावरून "बघा, झोपवून ठेवलेलंच बरं" असं कुणी म्हणेल, तर ते चूक आहे. नेहमीच्या गटातले पेशंटही झोपून नव्हते. तेही सरासरी 22 तासांच्या सुमारास कॉटवरून उठलेच होते. त्यांना फक्त कमी वेळ उठवलं गेलं, दिवसाला दहा मिनिटांच्या आसपास, तर दुसऱ्या गटाला अर्धा तास. त्याच आकडेवारीचा पुढे बारकाईने विचार केला तेव्हा दिसलं की थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवलेले पेशंट जास्त सुधारले. एका दमात लांबवर घेऊन जाणं नको. सकाळी जरा, न्याहारीनंतर जरा, दुपारी जरा, संध्याकाळी जरा. मला हा अभ्यास म्हणूनच फार मोलाचा वाटतो. माझ्याच कामाच्या उत्साहाला त्याने मर्यादा घातली, आणि ती आकड्यांनिशी घातली.

बर्नहार्ट यांचाच त्याआधीचा एक छोटा अभ्यास माझ्या मनात कायम असतो. 2004 साली त्यांनी मेलबर्नच्या 5 रुग्णालयांत 58 पेशंट दिवसभर काय करतात, याची ठरावीक अंतराने नोंद घेतली. निम्म्याहून जास्त वेळ ते अंथरुणात होते. पुढे हालचाल सुधारेल असं काही करण्यात दिवसाचे 13 टक्के गेले. आणि 60 टक्के वेळ ते एकटे होते. शेजारी कुणीच नाही.

आमच्या वॉर्डात हे शेवटचं कधी होणार नाही! इथे पेशंटपाशी कुणी ना कुणी असतंच. रात्री कॉटखाली चटई टाकून झोपलेलं असतं, सकाळी डबा घेऊन दुसरं आलेलं असतं. मी दिवसातून फार तर अर्धा तास देऊ शकते. बाकीचे साडेतेवीस तास त्यांचे आहेत. त्या तासांत काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे.

मेंदूचं असं आहे, की वापर थांबला तर तो जागाही सोडून देतो. 1996 मध्ये अमेरिकेत रॅन्डॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेला प्रयोग 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. मेंदूतला हात हलवणारा जो भाग असतो त्याचा थोडासा तुकडा निकामी केला होता. ज्या माकडांना त्या हाताने खाऊ काढायचा सराव दिला, त्यांच्यात शेजारचा शाबूत भाग हातासाठीच राखला गेला, काहींत तो आजूबाजूला वाढलासुद्धा. त्याआधीच्या प्रयोगात ज्या माकडांना असा सराव दिला नव्हता, त्यांच्यात शाबूत राहिलेला भागही हाताच्या कामातून कमी होत गेला होता. हे वाचल्यापासून "राहू द्या, मी करते" हे प्रेमाचं वाक्य ऐकलं की माझ्या छातीत धस्स होतं. आजी चांगल्या हाताने घास घेऊ शकतात, लुळा हात ताटाच्या कडेला टेकवून ताट धरू शकतात, आणि सून भरवते आहे. सुनेचं काही चुकत नाही. तिला कुणी सांगितलेलं नसतं.

काय सांगायचं, तर फार थोडं. पण ते दाखवून सांगावं लागतं.

खांद्याचं पहिलं. खांद्याचा सांधा मुळात स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू लुळे पडले की दंडाचं हाड खाली उतरतं, आणि खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच लागते. अशा हाताला धरून पेशंटला वर ओढलं, की पुढचे कित्येक महिने तो खांदा दुखत राहतो, आणि दुखणाऱ्या खांद्याचा माणूस व्यायामच करत नाही. म्हणून झोपलेले असताना हाताखाली उशी, बसलेले असताना हात मांडीवर किंवा पुढच्या टेबलावर, आणि उचलताना आधार कमरेला आणि पाठीला. छताला दोरी-कप्पी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर खेचायचा प्रकार घरोघरी सांगितला जातो. तो मला अजिबात मान्य नाही.

चेंडूचं दुसरं. भेटायला येणारा निदान एकजण तरी हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा मऊ चेंडू घेऊन येतो. "हे दाबत बसा, ताकद येईल." स्ट्रोकनंतर बोटं मिटणं आधी परत येतं, उघडणं नंतर आणि फार कष्टाने. दिवसभर चेंडू दाबून आपण मिटण्याचीच तालीम देतो, आणि हळूहळू मूठ घट्ट होत जाते. मी तो चेंडू हातातून काढून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "काका, याला दाबू नका. तळहाताने पुढे ढकला. ढकलताना बोटं सरळ ठेवायचा प्रयत्न करा." ज्याने आणला त्यालाच शेजारी बसवते आणि चेंडू परत काकांकडे सोडायचं काम देते.

पाण्याचं तिसरं, आणि हे जिवावरचं आहे. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही. आडवं झोपवून चमच्याने सोडलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि स्ट्रोकमधून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो. पंढरपूरहून, नाहीतर जोतिबाहून तीर्थ आलेलं असतं. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. कापसाचा बोळा तीर्थात भिजवून, नीट पिळून, ओठांना लावा म्हणते. त्यांनाही बरं वाटतं, आणि देवाची त्याला काही हरकत असेल असं मला वाटत नाही.

आणि डाव्या बाजूचं. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला, की काही जणांच्या लेखी जगाची डावी बाजूच नाहीशी होते. डोळे चांगले असतात, लक्षच तिकडे जात नाही. अर्धीच दाढी करतात. डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघतात. एका आजोबांच्या घरून स्टीलच्या ताटात रीतसर वाढून जेवण आलं होतं: उजवीकडे भाजी-आमटी, मधे भात-भाकरी, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर. त्यांनी उजवीकडचं सगळं संपवलं, भातही मधोमध रेघ मारल्यासारखा अर्धाच खाल्ला, आणि मुलीवर चिडले, "चटणी विसरलीस होय?" ती रडकुंडीला आली होती. मी ताट अर्धं फिरवलं. चटणी समोर आल्यावर आजोबा तिच्याकडे बघतच राहिले.

ताट फिरवणं हा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय म्हणजे त्यांना डावीकडे बघायला लावणं. म्हणून लेकीला सांगितलं, की खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला घ्यायची, बोलायचं ते डावीकडून, फोन दाखवायचा तो डावीकडून, आणि जेवताना त्यांचा डावा हात त्यांच्याच उजव्या हाताने उचलून ताटाच्या डाव्या कडेला ठेवून घ्यायचा. नजर त्या हातापर्यंत गेली तर चटणीपर्यंत पोचते. ती मुलगी शिक्षिका होती. तिने दुसऱ्या दिवशी ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून आणली आणि आजोबांना सांगितलं, "दादा, लाल पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची." आमच्या शास्त्रातही हेच सांगितलेलं आहे, तिने ते स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं होतं. मी नंतर तीच युक्ती कितीतरी जणांना सांगितली आहे.

अशी माणसं बघितली की वाटतं, घरच्यांना शिकवलं म्हणजे झालं. आणि हेच वाटणं आपल्या देशात तपासून पाहिलं गेलं. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 पेशंट घेऊन, निम्म्यांच्या घरच्यांना वॉर्डात असतानाच व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली, घरी गेल्यावरही पाठपुरावा केला. 2017 मध्ये तोही निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले लोक दोन्ही गटांत सारखेच होते, 47 टक्के.

तो आकडा वाचून मी खूप अस्वस्थ झाले होते. पण नंतर जसजसा विचार केला, तसतसं मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. खांदा सांभाळणं, गिळण्याची काळजी घेणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशी बदलणं, माणसाला त्याचं त्याचं करू देणं, हे घरचे करू शकतात आणि त्यांनी करावंच. पण धड कुठे कमी पडतंय, गुडघा मागे का जातोय, आज किती वाढवायचं आणि कुठे थांबायचं, हे बघायला शिकलेली नजर लागते. ते काम दोन दिवसांत शिकवून सुनेच्या पदरात टाकता येत नाही. नातेवाईकांना शिकवलं म्हणून फिजिओथेरपिस्टची पदं भरली नाहीत तरी चालतील, असं कुणी म्हणायला लागलं तर मी कडाडून विरोध करीन. त्या सुनेचं अर्धं आयुष्य आधीच त्या कॉटपाशी बांधलं गेलेलं असतं.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू झालं. तेव्हा समोर मुलं होती. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. आज माझ्यासमोरच्या कॉटांवर त्या मुलांच्या वयाची, आता म्हातारी झालेली माणसं आहेत, आणि चाळिशीतलेही आहेत: ट्रॅक्टर चालवणारे, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडून दिलेले.

रडण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. उभं आयुष्य कधी डोळ्यांत पाणी न आणलेले पुरुष स्ट्रोकनंतर नातवाचा फोटो बघून हुंदके देतात आणि बायकोला लाज वाटते. कधी तो मेंदूवरच्या आघाताचाच परिणाम असतो, आवर घालणारी यंत्रणा सैल झालेली असते. कधी ते खरंखुरं नैराश्य असतं, आणि स्ट्रोकमधून वाचलेल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांना ते गाठतं. त्यावर औषध आहे. राऊंडला डॉक्टरांना सांगा, लपवू नका, असं मी प्रत्येक घरी सांगते.

मग घरी जायचा दिवस येतो, बहुतेकदा फार लवकर. कॉट रिकामी हवी असते, घरच्यांचे पैसे संपत आलेले असतात, शेतीची कामं खोळंबलेली असतात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी असते आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी'. कुठे, कुणाकडे, कशी, काही नाही. मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसते. आधी विचारते: पलंग आहे की जमिनीवर अंथरूण? संडास कसा आहे, घरात की परड्यात? उंबरा किती उंच? रात्री सोबत कोण? जमिनीवरून उठणं अजून कितीतरी दिवस जमणार नसतं, म्हणून पलंग तरी हवा, आणि तोही बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीचा. भारतीय संडासावर ठेवायची भोक असलेली खुर्ची मिळते, नाहीतर गावातला सुतार करून देतो. उभं राहायचा सराव भिंतीजवळ, चांगल्या बाजूला पक्कं टेबल, लुळ्या बाजूला माणूस. दिवसातून किती वेळा, ते घरच्या घड्याळावर बसवून देते: चहाच्या आधी, जेवणाच्या आधी, टीव्हीवरची मालिका सुरू व्हायच्या आधी.

मग तालुक्याच्या रुग्णालयात फोन लावते. तिथे फिजिओथेरपिस्ट असेल तर वार आणि वेळ लिहून देते. नसेल तर इथे परत यायची तारीख देते, आणि ती त्यांना विचारूनच ठरवते. बाजाराचा दिवस कोणता, ऊसतोड कधी सुरू होणार, एसटी किती वाजता, सोबत येणाऱ्याचा रोजगार कोणत्या वारी बुडणार नाही. हे न विचारता दिलेल्या तारखेला कुणी येत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत हात-पाय जेवढ्या वेगाने सुधारू शकतात, तेवढ्या वेगाने ते पुढे क्वचितच सुधारतात.